जुन्या रोडस्टरच्या इंजिनमागून ऑइल गळतंय: गिअरबॉक्स उतरवण्याआधी खात्री कशी करावी?

रेडिंगकर | शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी,

गाडी 1990 ची युनोस रोडस्टर. म्हणजे माझदाची एमएक्स-5च, पण जपानमध्ये युनोस या नावाने विकलेली आणि नंतर सेकंडहँड म्हणून इंग्लंडात आलेली. 1.6 लिटरचं बी-6 इंजिन, पाच गिअर, मूळचा मरिनर ब्लू रंग. रोज ऑफिसला नेत नाही. उन्हं पडली की छप्पर खाली करून कॉट्सवोल्ड्सच्या बाजूला एखादी चक्कर मारायची, एवढंच. गाडी जिवापाड जपली आहे, म्हणून हा प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात, त्या सांध्याच्या अगदी तळातून ऑइल ठिबकतंय. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी खालच्या पुठ्ठ्यावर दोन-तीन डाग असतात. हायवेवर तासभर चालवून आलो की जास्त. लांबच्या ड्राइव्हनंतर सिग्नलला थांबलो आणि हीटर चालू असला, तर जळक्या ऑइलचा वास आत येतो. दोन ऑइल चेंजच्या मध्ये अर्धा लिटर तरी वर घालावं लागतं. एक्झॉस्टमधून निळा धूर नाही. क्लच घसरत नाही, पेडलही नेहमीसारखंच लागतं.

एमओटी (इंग्लंडातली गाडीची वार्षिक तपासणी) पास झाली, पण शेऱ्यात 'इंजिन ऑइल गळती, प्रमाण जास्त नाही' असं आलं. जवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला आणि सांगितलं की रिअर मेन सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, साधारण आठशे पौंड. वरून कुणी काही बघितलं नाही, बॉनेटही उघडलं नाही.

पैसे घालायची तयारी आहे. पण आठशे पौंड घालून गळती तशीच राहिली तर? गिअरबॉक्स खाली आणण्याआधी स्वतः काय तपासता येईल? घरी ट्रॉली जॅक, चार ॲक्सल स्टँड, पान्यांचा बऱ्यापैकी सेट आणि हात पसरता येतील एवढं गॅरेज आहे.

---

अनुष्का_के | शनिवार, रात्री 10:05

गाडी माझीही जुनी आहे, पण साधी हॅचबॅक. प्रश्न अगदी प्राथमिक आहे: रिअर मेन सील म्हणजे नेमकं काय, आणि ते बदलायला गिअरबॉक्स का उतरवावा लागतो?

---

गॅरेजकाका_पुणे | रविवार, सकाळी 7:15

अनुष्काताई, क्रँकशाफ्टचं मागचं टोक इंजिन ब्लॉकमधून बाहेर येतं आणि त्यावर फ्लायव्हील बसतं. आत ऑइल, बाहेर कोरडा क्लच. या दोहोंच्या मध्ये रबरी ओठ असलेलं एक गोल सील असतं, शाफ्ट त्या ओठावर घासत फिरतो. तेच रिअर मेन सील. त्याच्यापर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, फ्लायव्हील असं सगळं ओळीने काढावं लागतं. सील स्वस्त असतं. बिल होतं ते मजुरीचं.

आता रेडिंगकर, तुमच्याकडे येतो. मी आयुष्यभर पुण्यात गॅरेज चालवलं. फियाट, अँबॅसिडर, नंतर मारुत्या. माझदा म्हटलं की आमच्यापुढे स्वराज माझदाच्या मिनीबस यायच्या. ही तुमची दोन सीटची गाडी आमच्याकडे विकलीच नाही, त्यामुळे हिच्यावर माझा हात फिरलेला नाही. पण ऑइल सगळ्या गाड्यांत सारखंच वागतं. ते खाली येतं, आणि गाडी पळत असली की वाऱ्याने मागे ढकललं जातं. तुमचं इंजिन उभं बसवलेलं, म्हणजे रेडिएटरकडून केबिनकडे. अशा इंजिनात वर किंवा पुढे कुठेही गळलं तरी थेंब शेवटी त्याच सांध्यातून पडतो, कारण तळातली सगळ्यात मागची जागा तीच. थेंब पडतो त्या जागेवरून सील ठरवायचं नाही. ओलं सर्वांत उंच कुठे आहे आणि सर्वांत पुढे कुठे आहे, ते शोधायचं.

त्यासाठी इंजिन आधी धुवायला हवं. इंजिनवर काळा चिकट थर असेल तर त्यातून कुणालाच काही दिसणार नाही, चाळीस वर्षं काम केलेल्यालाही नाही. इंजिन गार असताना डीग्रीझर मारा, ब्रश फिरवा, फडक्याने टिपून घ्या. अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. प्रेशर वॉशर लावू नका, जुन्या कनेक्टरांत पाणी शिरलं की ऑइलचा प्रश्न बाजूला राहील आणि गाडीच सुरू होणार नाही. बंपरखाली प्लास्टिकचा ट्रे असेल तर तोही काढा. पुढे कुठे गळत असेल तर ते ऑइल ट्रेमध्ये साचतं, तिथून मागे वाहतं आणि माणूस मागेच शोधत बसतो.

धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा, लगेच बघा. परत चालवा, परत बघा. आठवड्याने बघितलंत तर सगळं पुन्हा ओलं झालेलं असेल आणि सुरुवात कुठून झाली ते कळणार नाही. बघायचं वरून खाली: टॅपेट कव्हरचं (म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरचं) पॅकिंग, सिलेंडर हेडची मागची बाजू, हेड आणि ब्लॉकचा सांधा, ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशरचा सेंडर, मग चेंबर, म्हणजे तळातला ऑइलचा डबा. मागचं सील सगळ्यात शेवटी.

आणि गाडीखाली शिराल तेव्हा चारही स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

---

मंजिरी_एडिसन | रविवार, सायंकाळी 6:30

काकांच्या प्रत्येक वाक्याला +१.

माझ्याकडे न्यू जर्सीत याच गाडीची अमेरिकन बहीण आहे, 1992 ची मियाटा, तेच 1.6 इंजिन. रेडिंगकर, तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचताना माझीच गाडी डोळ्यासमोर आली. तळातून थेंब, हीटरमधून वास, क्लच ठणठणीत. या गाडीत ही तिन्ही एकत्र दिसली की पहिला संशय कॅम अँगल सेन्सरच्या ओ-रिंगवर, म्हणजे त्याच्या गोल रबरी कडीवर घ्यायचा. सगळे त्याला कॅस म्हणतात, मीही तेच म्हणते.

कॅस बसतो हेडच्या अगदी मागे, कॅमशाफ्टच्या टोकाला. जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर असायचा तसाच, फक्त याच्यात करंट वाटायचं काम नाही. कॅमशाफ्ट कुठल्या कोनात आहे ते तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावर इग्निशनचं टायमिंग ठरतं. त्याचा दांडा हेडच्या आत जातो, आत ऑइल उडत असतं, आणि ते बाहेर येऊ नये म्हणून दांड्याभोवती एकच ओ-रिंग. इंजिनच्या मागची ती जागा तापते आणि तिथे वारा पोचत नाही. साधं नायट्राइल रबर वर्षानुवर्षं असं भाजलं की कडक होतं आणि दाबलेल्या आकारात तसंच राहतं, परत फुगून जागा भरत नाही. 1990 ची ओ-रिंग आजवर कुणी बदलली नसेल तर ती गळणारच.

हा पार्ट एवढ्या अडचणीत का, याचंही कारण आहे. हे इंजिन मुळात माझदाच्या 323 च्या घराण्यातलं. त्या गाडीचं इंजिन आडवं, त्यामुळे हेडचं हे टोक एका बाजूला येतं आणि हात सहज पोचतो. रोडस्टरसाठी इंजिन उभं वळवलं आणि तेच टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भिडलं. पाण्याची वाट माझदाने त्या वेळी मागून पुढे आणली, कॅस मात्र मागेच राहिला. 1.6 मध्ये स्पार्क प्लगना करंट देणारा कॉइल पॅकही तिथेच शेजारी, त्यामुळे बॉनेट उघडून नुसतं वाकून बघितलं तर काहीच दिसत नाही. खालून टॉर्च मारणाऱ्याला तर नाहीच.

कॅसकडून निघालेलं ऑइल हेडच्या पाठीवरून उतरतं, बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं घंटेसारखं आवरण) डोक्यावर पडतं, बाहेरच्या बाजूने घरंगळत तळाच्या सांध्याशी येतं. तिथून थेंब. मागचं सील गेलं तर मात्र ऑइल बेल हाउसिंगच्या आत येतं आणि आतूनच तळाला उतरतं. म्हणून बेल हाउसिंगचं डोकं बोटाने चाचपा. तिथे ओलं लागलं तर ते ऑइल वरून आलंय, कारण आतलं ऑइल चढून डोक्यावर येणार नाही. डोकं कोरडं ठणठणीत आणि तळ ओला असेल, तर मग गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं असू शकतं.

फोनला जोडायचा स्वस्तातला एंडोस्कोप कॅमेरा मिळतो. तो घ्या आणि हेडच्या मागे सोडा.

---

लेस्टरवाला | रविवार, रात्री 8:50

एमओटीबद्दल थोडं. 2018 च्या मे महिन्यात नियम बदलले, तेव्हापासून गळतीवर गाडी नापास होऊ शकते. पण ती गळती बेसुमार हवी. पाच मिनिटांत खाली 75 मिलिमीटरपेक्षा मोठं थारोळं जमलं, किंवा बऱ्याच ठिकाणांहून मिळून तेवढंच गळलं, तर नापास. तुमचे रात्रभरातले दोन-तीन डाग त्याच्या जवळपासही नाहीत. त्यामुळे घाबरून या आठवड्यात गिअरबॉक्स उतरवायची काही गरज नाही, नीट शोधायला वेळ आहे. चाळीस वर्षांची झाली आणि मोठे बदल केलेले नसले तर गाडीला एमओटी लागत नाही, पण तुमच्या गाडीला 2030 उजाडेपर्यंत थांबावं लागेल.

आणखी एक. जे पडतंय ते इंजिन ऑइलच आहे ना? या गाडीत क्लचचा स्लेव्ह सिलेंडरही गळतो, तो गिअरबॉक्सच्या बाजूलाच आहे. ते ब्रेक फ्लुइड असतं, पातळ आणि डोळ्यांत भरेल असा रंग नसलेलं, म्हणून वासावर जा. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या आणि डिपस्टिकचा थेंब शेजारी ठेवून बघा.

गाडी खाली घेताच आहात तर मागच्या चाकांपुढची सिल्सही, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या, दाबून बघा. या देशात ही गाडी ऑइलने मरत नाही, गंजाने मरते. आणि जॅक लावाल तो पुढच्या सबफ्रेमच्या बीमला आणि मागे डिफरन्शियलखाली, सिलच्या पत्र्याला नको.

---

सह्याद्री_वारा | सोमवार, दुपारी 1:20

कोल्हापूरहून लिहितोय. माझी प्रीमियर पद्मिनी आहे आणि गळती हा जुन्या गाड्यांचा कायमचा विषय, म्हणून हा धागा पहिल्यापासून वाचतोय.

एक मुद्दा राहिलाय असं वाटतं. सील किंवा पॅकिंग जुनं झालं हे खरं, पण आतून दाब वाढला तर चांगलं पॅकिंगसुद्धा गळायला लागतं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस कायम खाली क्रँककेसमध्ये येत असतो. तो बाहेर जायची वाट म्हणजे ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह. ही वाट काजळीने बुजली की गॅस दुसरी वाट शोधतो आणि जिथे रबर सगळ्यात अशक्त आहे तिथून ऑइल बाहेर ढकलतो. मग तुम्ही ओ-रिंग बदलाल, आणि पुढच्या महिन्यात टॅपेट कव्हर गळेल. माझ्या गाडीत ब्रीदरचा पाइप साफ केल्यावर गळती निम्म्याने कमी झाली होती, सील नंतर बदललं.

तुमच्या इंजिनात पीसीव्ही कुठे असतो?

---

मंजिरी_एडिसन | सोमवार, सायंकाळी 5:45

फार चांगला मुद्दा. या गाडीत पीसीव्ही व्हॉल्व्ह व्हॉल्व्ह कव्हरवरच आहे, रबरी ग्रोमेटमध्ये नुसता खोचलेला. हाताने उपटून येतो. कानाशी धरून हलवायचा, आतला व्हॉल्व्ह खुळखुळ वाजला पाहिजे. आवाज आला नाही तर नवीन टाकायचा, साफ करत बसण्याएवढा तो महाग नाही. ग्रोमेटही सोबत बदला, जुनं असेल तर काढतानाच तुकडे होतील आणि तुकडा आत पडू द्यायचा नाही.

दुसरी सोपी चाचणी: इंजिन आयडलवर असताना ऑइल फिलरचं झाकण उघडा. थोडी फकफक चालते. पण झाकण वर उडतंय किंवा धुराचा लोट बाहेर येतोय, तर मग कॉम्प्रेशन बघावं लागेल. चारही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असले तर रिंगांची काळजी नको.

---

रेडिंगकर | पुढचा रविवार, दुपारी 3:10

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं केलं, आता काय सापडलं ते लिहितो.

आधी थेंब तपासला: इंजिन ऑइलच आहे. पीसीव्ही खुळखुळत नव्हता, नवीन टाकला. झाकण उघडून बघितलं, आत दाब नाही. खालचा ट्रे काढला तर त्यात ऑइल आणि मातीचा बोटभर लगदा होता. इंजिन वरून खालपर्यंत धुतलं, पुसलं, एक चक्कर मारून आलो आणि लगेच कॅमेरा सोडला.

व्हॉल्व्ह कव्हरची मागची कड कोरडी आहे. कॅस जिथे हेडमध्ये शिरतो त्या गोल कडेच्या खालच्या अर्ध्या भागावर मात्र ताजं, मधाच्या रंगाचं ऑइल चमकत होतं. थेंब जमतो, मोठा होतो, आणि खालच्या हीटर होजवर (हीटरला गरम पाणी नेणारी रबरी नळी) पडतो. त्या होजचं रबर तिथे फुगून मऊ पडलंय, नखाने दाबलं तर खूण राहते. तिथून पुढे ओलीची रेघ सरळ बेल हाउसिंगच्या डोक्यावर गेलेली दिसते. मंजिरीताई, तुम्ही सांगितलेला रस्ता जसाच्या तसा.

बेल हाउसिंगच्या तळाला जे छिद्र आहे त्यात कॅमेऱ्याची वायर घालून बघितलं. आत क्लचची धूळ आहे, कोरडी. ऑइल असतं तर ती धूळ भिजून गोळा झाली असती.

ओ-रिंग मागवली आहे, हीटर होजही. कॅस काढताना काय सांभाळायचं?

---

गॅरेजकाका_पुणे | रविवार, रात्री 10:30 (भारत)

शाब्बास. ती कोरडी धूळ बघितलीत ना, ते सगळ्यात महत्त्वाचं काम केलंत. गळती कुठे आहे हे तर कळलंच, कुठे नाही हेही पक्कं झालं. आठशे पौंड वाचले ते त्या धुळीमुळे.

होज बदलताय हे फार उत्तम. ऑइलने मऊ झालेली होज एक दिवस फुटते आणि मग पाणी जाऊन हेड गरम होतं. गळती लहान आहे म्हणून तशीच चालवणाऱ्यांचं इंजिन नेमकं तिथे जातं. ऑइल संपल्यामुळे नाही, पाणी गेल्यामुळे.

---

मंजिरी_एडिसन | रविवार, सायंकाळी 7:15

काढण्याआधी कॅसच्या फ्लँजवर आणि हेडवर मिळून एक सलग रेघ मारा. रंगाने मारा किंवा टोकदार सुईने ओरखडा काढा, पेन्सिलची रेघ ऑइलने पुसली जाते. कॅस फिरवला की इग्निशनचं टायमिंग बदलतं, म्हणून तो परत त्याच रेघेवर बसला पाहिजे.

बोल्ट एकच आहे, बारा नंबरचा पाना लागतो. पण तो खालच्या बाजूला आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. आधी बोटांनी चाचपून जागा समजून घ्या, मग पाना लावा. कॉइल पॅक सोडवून बाजूला केलात तर मनगटाला जागा मिळते आणि काम निम्म्या त्रासात होतं. त्याच्या वायरी कुठल्या कुठे होत्या याचा फोटो आधी काढून ठेवा. बोल्ट निघाल्यावर कॅस लगेच बाहेर येत नाही, ओ-रिंगने धरून ठेवलेला असतो. थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवत सरळ मागे ओढायचा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, तिथलं हेड ॲल्युमिनियमचं आहे. चरा पडला तर नवी ओ-रिंगही गळेल.

जुनी रिंग काढल्यावर खाच नीट पुसा, नव्या रिंगला स्वच्छ इंजिन ऑइल चोळा. सिलिकॉन अजिबात लावायचं नाही. मिळाली तर व्हायटनची रिंग घ्या, ते रबर नायट्राइलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसतं. कॅसच्या टोकाची जीभ मध्यापासून जरा सरकवलेली असते, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, अर्धा फेरा फिरवून बघा.

मग टायमिंग. इंजिन पूर्ण गरम, सगळे दिवे-पंखे बंद. इंजिनखान्यातल्या डायग्नोसिसच्या डबीत टीईएन आणि जीएनडी या दोन खाचा वायरच्या तुकड्याने जोडा, म्हणजे ईसीयू स्वतःहून टायमिंग हलवणार नाही. आयडल 850 च्या आसपास हवं. टायमिंग लाइट लावून पुलीवरची खूण 10 अंशांवर येते का बघा. नसेल तर बोल्ट किंचित ढिला ठेवून कॅस फिरवायचा. काही लोक 14 वर ठेवतात, इंजिन जरा तरतरीत वाटतं, पण मग जास्त ऑक्टेनचं पेट्रोल कायम भरावं लागतं. मी 10 वरच ठेवते.

---

अनुष्का_के | सोमवार, सकाळी 9:00

एक विचारू का? बाजारात 'गळती बंद' म्हणून ऑइलमध्ये ओतायच्या बाटल्या मिळतात. एवढं सगळं करण्याआधी ती एक टाकून बघितली तर?

---

गॅरेजकाका_पुणे | सोमवार, दुपारी 12:10

नको. त्यातलं रसायन रबर फुगवतं. जे रबर कडक होऊन चपटं झालंय ते थोडे दिवस फुगेल, पण इंजिनमधली बाकीची चांगली रबरंही त्याच ऑइलमध्ये भिजतात आणि त्यांचाही मऊपणा वाढतो. घट्ट ऑइल घालून गळती कमी करायची हाही तसलाच प्रकार. थंडीत सकाळी ते ऑइल वर कॅमपर्यंत पोचायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. गाडी दोन महिन्यांत विकून टाकायची असेल तर लोक असं करतात. ज्याला गाडी ठेवायची आहे त्याने पार्ट बदलावा.

---

रेडिंगकर | दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री 8:25

काम झालं.

कॉइल पॅक काढून हात घातला, बोल्ट बोटांनी सापडला. कॅस बाहेर आला तेव्हा ओ-रिंग खाचेतच होती, पण गोल नव्हती. बाहेरची कड सपाट होऊन तिचा छेद चक्क चौकोनी झाला होता. खाचेतून काढायला गेलो तर वाळलेल्या शेंगेसारखी कडकन मोडली. नवी बसवली, होज बदलली, टायमिंग 10 वर आणलं. रेघेवर बसवलेला कॅस जवळपास बरोबरच होता, किंचितच हलवावा लागला.

आता मागचा भाग कोरडा आहे. हीटरमधून वास येत नाही. पण काकांनी 'परत चालवा, परत बघा' असं म्हटलं होतं, म्हणून ऑइल बदललं आणि नव्या ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) घातला. जुन्या काळ्या ऑइलमध्ये तो नीट उजळत नाही असं वाचलं होतं. आठवडाभर गाडी वापरली. काल रात्री गॅरेजचे दिवे बंद करून पिवळा चष्मा घातला आणि यूव्ही टॉर्च फिरवला. मागे काही नाही, चेंबरच्या कडेला काही नाही, प्रेशर सेंडर कोरडा. पण पुढे, टायमिंग बेल्टच्या खालच्या कव्हरच्या तळाशी, क्रँक पुलीच्या मागे, पिवळट हिरवी एक बारीक कड उजळली. थेंब पडण्याइतकं नाही. ट्रेवर अजून काही उतरलेलं नाही.

हे पुढचं क्रँक सील असणार ना? आणि लगेच करावं, की थांबता येईल? बेल्ट कधी बदलला याची पावती माझ्याकडे नाही.

---

सह्याद्री_वारा | शनिवार, रात्री उशिरा

पीसीव्ही नवीन टाकून दोन आठवडे तरी झाले ना? पुढची कड आधीपासूनची असेल तर वाढतेय की थांबलीय हे बघण्यासारखं आहे. पुसून ठेवा आणि परत टॉर्च मारा.

---

मंजिरी_एडिसन | रविवार, सकाळी 11:40

क्रँक सील किंवा वरच्या दोन कॅम सीलपैकी एखादं. कव्हरच्या आत कुठेही गळलं तरी ऑइल तळालाच जमतं, त्यामुळे कव्हर उघडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण तुमच्याकडे बेल्टची पावती नाही, आणि या गाडीचा बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो. म्हणजे कव्हर तसंही उघडायचंच आहे. बेल्ट तुटला तरी 1.6 मध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटत नाहीत, तेवढा दिलासा आहे. तरी रस्त्यात बंद पडण्यापेक्षा या हिवाळ्यात बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची तिन्ही सील एकत्रच करून टाका. तिथपर्यंत पोचायची मेहनत एकदाच पडते.

आता महत्त्वाचं. तुमची गाडी 1990 ची आहे. 1990 आणि 1991 च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. क्रँक बोल्टची पकड सुटली तर आतली चावी (टायमिंगचं चाक शाफ्टवर अडकवणारा धातूचा छोटा तुकडा) आणि तिची खाच झिजते, ते चाक डुलायला लागतं, आणि शेवटी अख्खा क्रँकशाफ्ट बदलायची वेळ येते. क्रँक सील बदलायला तो बोल्ट सोडवावाच लागतो. त्यामुळे हे काम ज्याला ही भानगड ठाऊक आहे त्यानेच करावं, आणि टॉर्क रेंच लावूनच.

---

गॅरेजकाका_पुणे | रविवार, रात्री 11:05 (भारत)

मंजिरीताईंनी हे वेळेवर सांगितलं. असा बोल्ट मी असतो तर जुना परत वापरला नसता. नवा बोल्ट, नवी चावी, आटे स्वच्छ, थ्रेडलॉक, आणि मॅन्युअलमध्ये तुमच्या क्रँकसाठी दिला असेल तोच टॉर्क. इम्पॅक्ट गनने कसून वर 'घट्ट झाला' म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. सील बसवताना तिरकं जाऊ देऊ नका, ओठाला आधी ऑइल लावा, आणि शाफ्टवर जुन्या ओठाने खोल चर पाडली असेल तर नवं सील त्याच जागी न बसवता केसभर पुढे-मागे बसवा, म्हणजे ओठ नव्या जागेवर चालेल.

तोवर गाडी चालवा, महिन्यातून एकदा डिपस्टिक बघा. ही गळती थांबण्यासारखी आहे.

---

मंजिरी_एडिसन | रविवार, दुपारी 2:20

आखूड टोक आहे की लांब, हे काहीही न उघडता कळतं. क्रँक पुलीच्या मधल्या भागात खाचा असतात. चार असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. ट्रे काढून उद्या टॉर्च घेऊन खालून मोजा, आणि पार्ट मागवायच्या आधी आकडा इथे टाका. बोल्ट त्यावरच ठरेल.